विटांची नगरी

पोळ्यासाठी सेनगावची मुले मातीचे बैल घडवितात. पण वाळलेल्या बैलाचा घोडा होत नाही. लेगोच्या विटांचे तसे नाही. डेन्मार्कमधील बिलुंड गावचे सुतार ओल किर्क क्रिस्टियनसेन ह्यांनी १९३२ साली, मंदीत कामे मिळेनाशी झाल्यावर, लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. वर खुंट्या, आत पोकळ नळ्या अशी घट्ट बसणारी प्लॅस्टिकची वीट १९५८ मध्ये सिद्ध झाली. १९६० साली लाकडी खेळण्यांचे कोठार जळाले, तेव्हा लाकूडकाम सोडून सारी भिस्त ह्या विटेवर ठेवण्यात आली. केवढे हे धाडस! विटांच्या प्रतिकृती पाहण्यास कारखान्यात रीघ लागली. म्हणून १९६८ मध्ये तेथेच लेगोलँड हे उद्यान उघडले. आठ खुंट्यांच्या एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात. सहा घेतल्या, तर ९१ कोटींहून अधिक प्रकारे.