बोटीच्या तळाला भोक

देवबागला एका अंगाला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. मधल्या चिंचोळ्या वाळूवर मी गेली पंधरा वर्षं जातो आहे, तो बोटींची इंजिनं बघायला. यंदा धाकट्या मेहुण्याने अठरा फुटी फायबरची होडी घेतली आणि विचारलं, “भावोजी, इंजिन आतलं बसवू की बाहेरचं?” त्या प्रश्नातून हा लेख निघाला.

इतिहास थोडक्यात सांगतो. मूळचा नॉर्वेचा ओले एव्हिनरूड अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झाला. १९०९ साली त्याने बोटीच्या मागच्या फळीला अडकवायचं दीड अश्वशक्तीचं इंजिन बाजारात आणलं. तसे प्रयत्न आधीही झाले होते, पण आउटबोर्ड रुळलं ते त्याच्यामुळे. इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं इंजिन, त्याहून जुनं.

आउटबोर्डमध्ये इंजिन, गिअर, पंखा सगळं एकत्र असतं. ते वळवलं की बोट वळते, वेगळं सुकाणू लागत नाही. पंख्यात जाळं अडकलं तर इंजिन वर उचलून बसल्या जागी सोडवता येतं. इनबोर्डच्या पंख्यात अडकलं तर दातात सुरी धरून कुणाला तरी पाण्यात उतरावं लागतं. मात्र आउटबोर्डचा पंखा लहान आणि भरभर फिरणारा. थोडं पाणी जोरात मागे फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी सावकाश ढकललं, तर कमी इंधनात तेवढाच रेटा मिळतो. म्हणून भरलेलं जाळं ओढायला इनबोर्डचा मोठा, संथ पंखाच हवा. शिवाय डिझेल इंजिनाचं वजन तळाशी, मधोमध बसतं आणि बोट लाटेवर ठाम राहते.

पण इनबोर्डसाठी तळाला भोक पाडावं लागतं, आणि माझा जीव अडकला आहे तो या भोकात. पंख्याचा फिरणारा शाफ्ट बाहेर जायला हवा आणि समुद्र आत यायला नको, हे जमवायचं कसं? शाफ्टभोवती चरबीत मुरवलेल्या चौकोनी दोरीची कडी बसवतात आणि वरून नट आवळतात. प्रत्येक कडं वेगळं कापायचं आणि त्यांचे सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर पाण्याला सरळ वाट मिळते. मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर एका म्हाताऱ्या तांडेलाने मला हे हातात दोरी देऊन शिकवलं. मी नट पार आवळायला गेलो, तर त्याने माझा हात धरला. “थेंब पडूक होयो,” तो म्हणाला. बोट चालू असताना मिनिटाला दोन-तीन थेंब आत यायलाच हवेत, कारण तेच पाणी त्या दोरीला थंड ठेवतं. कोरडं आवळलं की दोरी तापते, शाफ्टला चर पडतात आणि मग कितीही नवी दोरी भरली तरी गळती थांबत नाही. इतकी साधी, इतकी शहाणी युक्ती मी दुसऱ्या कुठल्याच यंत्रात पाहिलेली नाही.

आउटबोर्डला असलं काही नाही. त्याची देखभाल म्हणजे रोज गोड्या पाण्याने आतलं मीठ धुऊन काढणं, आणि तेवढ्याचाही पुष्कळजण कंटाळा करतात. जुन्या टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागे, फोर-स्ट्रोकने तो व्याप संपवला. पेट्रोलचा खर्च मात्र उरलाच.

माझं मन इनबोर्डकडे ओढतं, हे मेहुण्याला ठाऊक होतं. तरी मी आधी त्याच्या घरामागे, होडी जिथे रात्री बांधायची तिथे, ओहोटीच्या वेळी जाऊन उभा राहिलो. पाणी गुडघाभरच होतं आणि खाली वाळू. इनबोर्डचा पंखा तिथे रोज वाळूत रुतला असता. मी त्याला आउटबोर्ड घ्यायला सांगितलं.