घरगुती रिकामी वेष्टने आणि अनामत परतावा : जुळे सोलापूरच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या दरम्यान विस्तारलेले जुळे सोलापूर हा मुख्यतः निवासी परिसर होय. येथील वसाहतींमध्ये घंटागाडी येण्यापूर्वीच घरातील काही वस्तू कचऱ्यातून वेगळ्या काढलेल्या असतात. वर्तमानपत्रांची रद्दी, तेलाचे डबे, जाड प्लॅस्टिकचे कॅन, पत्रा या वस्तू भंगारवाल्यासाठी जिन्याखाली साठविल्या जातात. दुधाची रिकामी पिशवी मात्र थेट कचऱ्याच्या डब्यात जाते. या निवडीमागे अज्ञान नसून हिशेब आहे. हा हिशेब कसा बदलू शकतो आणि महाराष्ट्रात तो बदलण्याचा प्रयत्न का अडखळला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भंगाराचा भाव आणि अनामत

भंगाराचा भाव वजनावर ठरतो, तर अनामत नगावर. भाव हा मालाचा मोबदला असतो. अनामत ही वस्तू परत येण्याची हमी असून ती ग्राहकाने खरेदीच्या वेळी स्वतःच भरलेली असते. मराठी घराला ही कल्पना नवीन नाही. शीतपेयाची काचेची बाटली घरी न्यावयाची तर बाटलीचे पैसे दुकानदाराकडे ठेवावयाचे, हा व्यवहार एके काळी सर्वांच्या परिचयाचा होता. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर तर आजही याच तत्त्वावर फिरतो. रिकामा दिल्याशिवाय भरलेला मिळत नाही आणि मूळ अनामत कंपनीकडे जमा असते.

अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीचे वजन साधारणतः ३ ग्रॅम भरते. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या कुटुंबाकडे महिन्याकाठी ६० पिशव्या, म्हणजे अवघे १८० ग्रॅम प्लॅस्टिक जमते. एवढ्यासाठी तराजू काढणेही भंगारवाल्यास परवडत नाही. त्याच पिशवीवर ५० पैसे अनामत असेल तर महिन्याचे ३० रुपये होतात. पाण्याच्या पेट बाटलीची स्थिती वेगळी आहे. एक लिटरच्या सुमारे ४० ते ५० बाटल्यांचा एक किलो होतो आणि तिच्या चुऱ्यापासून पॉलिस्टरचा तंतू तयार होत असल्याने तिला गिऱ्हाईक आहे. त्यामुळे कचरावेचक ती सहसा सोडत नाहीत. अनामतीची खरी गरज बाटलीपेक्षा पिशवीला अधिक आहे, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

२०१८ ची अधिसूचना

अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणासंबंधीच्या २००६ च्या कायद्यान्वये महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक पिशव्या व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशव्या व पेट बाटल्या यांना अटींसह मुभा देण्यात आली. पिशवीसाठी ५० पैसे आणि बाटलीसाठी आकारानुसार १ किंवा २ रुपये असे पुनर्खरेदी मूल्य त्यात नमूद होते. बंदीची आणि ५,००० रुपयांपासून सुरू होणाऱ्या दंडाची चर्चा घरोघरी झाली. परताव्याची तरतूद मात्र सामान्य ग्राहकाच्या व्यवहारात उतरली नाही.

याचे कारण साधे आहे. छापील मूल्य देणारी खिडकी कोठेतरी उघडी असावी लागते. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरावयाच्या बाटल्यांवर अनामत आहे. ती सध्या २५ सेंट असून बाटली विकणाऱ्या दुकानांनाच ती परत घ्यावी लागते. मोठ्या दुकानांत त्यासाठी यंत्रे आहेत. तामिळनाडूत २०२२ मध्ये निलगिरी जिल्ह्यात मद्याच्या बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन रिकामी बाटली आणल्यावर ते परत देण्यास प्रारंभ झाला. तेथे विक्रेता एकच, तोही शासकीय, असल्याने विक्रीचे ठिकाण हेच परताव्याचे ठिकाण झाले. गोव्याने २०२४ मध्ये अशी योजना अधिसूचित केली.

जुळे सोलापुरात अशी खिडकी कोठे असावी? त्यासाठी नवे केंद्र उभारण्यापूर्वी दुधाच्याच वाहतुकीकडे पाहावयास हवे. दुधाच्या प्लॅस्टिकच्या क्रेट रोज भरून येतात आणि रिकाम्या परत जातात. परतीची वाहतूक अगोदरच अस्तित्वात आहे, केवळ तिच्यातून पिशव्या जात नाहीत. वितरकाने मोजून घेतलेल्या पिशव्या त्याच क्रेटमधून संघाकडे गेल्यास स्वतंत्र वाहनाचा खर्च वाचू शकेल.

व्यवहारातील अडचणी

पहिली अडचण पाण्याची. न धुतलेली पिशवी दुसऱ्या दिवशी वास मारते, आणि वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी भरून ठेवणाऱ्या सोलापूरकरास पिशव्या धुण्याचा उपदेश रुचणे कठीण. अर्थात, पिशवीत चमचाभर पाणी घालून ते चहाच्या आधणात ओतणाऱ्या गृहिणींनी हा प्रश्न केव्हाच सोडविला आहे. पिशवी कापताना तिचा कोपरा तोडून टाकू नये, एवढे पथ्य पाळणे उरते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. सोलापूर हा कर्नाटकाच्या सीमेवरील जिल्हा आहे. सीमेपलीकडे अनामत न भरता विकत घेतलेल्या पिशव्या व बाटल्या येथे आणून परतावा उचलणे लाभाचे ठरू शकते. एक किलोत सुमारे ३३० पिशव्या बसतात, म्हणजे किलोमागे १६५ रुपये. प्लॅस्टिकच्या भंगारापेक्षा हा दर मोहक आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात अनामत १० सेंट असल्याने शेजारच्या राज्यांतील डबे तेथे आणण्याचे प्रकार घडले आहेत. यास्तव वेष्टनावर राज्यनिहाय सांकेतिक चिन्ह असणे आणि परतावा दिलेली वस्तू तत्काळ कापून निकामी करणे अपरिहार्य ठरते. न परतलेल्या वस्तूंची अनामत कोणाकडे जावी, हेही अगोदरच ठरवावे लागते. मिशिगनमध्ये तिचा तीन चतुर्थांश भाग राज्याकडे जातो. ती उत्पादकाकडेच राहिली, तर वस्तू परत न येण्यातच त्याचा लाभ असेल.

तिसरा प्रश्न कचरावेचकांचा. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तेव्हापासून भंगारावरील त्यांच्या हक्काची मांडणी महाराष्ट्रात होत आली आहे. बाटलीचा परतावा चारचाकीतून येणाऱ्या ग्राहकाने यंत्रावर घेतला, तर वेचकाच्या पोत्यातील सर्वांत किमती जिन्नस कमी होतो. पिशवीबाबत असे घडत नाही, कारण आज ती त्यांच्याही कामाची नाही. म्हणून आरंभ पिशवीपासून करणे इष्ट. त्यातही आणणाऱ्याकडे खरेदीची पावती न मागण्याची अट योजनेत असल्यास, घराघरांतून फेकलेल्या पिशव्या गोळा करणारी स्त्री वितरकाच्या दारात शंभर पिशव्यांचे ५० रुपये घेऊ शकेल.