चोपन्न पायऱ्या

जागा विकायला काढली की फोनवरचा पहिला प्रश्न किमतीचा असेल, असं मला वाटत होतं. तो असतो, ‘का विकताय?’

कोथरूडमधला आई-बाबांचा फ्लॅट. १९९३ची इमारत, तळमजला अधिक तीन, आमचा तिसरा, वर थेट गच्ची. लिफ्ट नाही. आईच्या गुडघ्यांनी चोपन्न पायऱ्यांना नकार दिला म्हणून दोघं आमच्याकडे राहायला आली. म्हणजे आम्ही ज्या कारणासाठी विकत होतो, त्याच कारणासाठी लोक घेणार नव्हते. पहिल्या दोघांना मी हे खरं कारण सांगितलं. पलीकडून ‘अच्छा’ आलं आणि फोन संपला. तिसऱ्याला ‘शिफ्ट होतोय’ असं मोघम सांगून पाहिलं. ‘लोन थकलंय का? की भावाभावांचं काही?’ त्याने थेट विचारलं. मोघम उत्तराची किंमत त्या दिवशी कळली.

जाहिरात इंटरनेटवर टाकली त्या संध्याकाळी बावीस फोन आले. मी हरखून गेले. त्यांतले एकोणीस एजंट होते, हे समजायला दुसरा दिवस उजाडावा लागला. ‘मॅडम, पार्टी तयार आहे, फक्त फोटो पाठवा.’ मी सगळ्यांना पाठवले. पंधरवड्यात आमचा फ्लॅट चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर आणि ब्याऐंशी लाख अशा तीन किमतींना एकाच वेळी विक्रीला होता, आणि एका जाहिरातीत तर कुणाचं तरी वेगळंच मॉड्युलर किचन लावलेलं होतं. बघायला आलेल्या एका गृहस्थांनी आमच्याच हॉलमध्ये उभं राहून आमचाच हॉल मला मोबाइलवर चार लाखांनी स्वस्त दाखवला. वर्षभर सगळ्या मंडळांतून फिरलेल्या स्थळाबद्दल लोक जसे विचारतात, तशा सुरात ते म्हणाले, ‘बरेच दिवस आहे वाटतं बाजारात?’ तीन आठवडे झाले होते. त्यातले दोन पितृपक्षाचे, म्हणजे धरायचेच नाहीत.

मग सगळ्यांना नाही सांगून एकालाच काम दिलं. पन्नाशीचे गृहस्थ, याच भागात वीसेक वर्षं जागांची कामं करणारे. ते आले, तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर दारातच मिनिटभर थांबून स्वतःचा दम मोजला, आणि घर न बघताच म्हणाले, ‘फाइल दाखवा.’

मी बिल्डरबरोबरचा करारनामा पुढे केला. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. करारनामा ठीक. नोंदणीची पावती? इंडेक्स टू? शेअर सर्टिफिकेट? भोगवटा प्रमाणपत्राची प्रत? मिळकतकराची चालू पावती, मेंटेनन्सची शेवटची? सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का? घेणारा कर्ज काढणार, आणि बँकेच्या वकिलाला मूळ कागदांची साखळी अखंड लागते. एक दुवा हरवला तरी पार्टी आवडलेलं घर सोडून जाते, आणि जाते ती टोकन दिल्यानंतर, म्हणजे सगळ्यात वाईट वेळी. आमची नोंदणीची पावती सापडेना. आठ दिवसांनी ती गॅस कनेक्शनच्या पाकिटात निघाली. तोवर त्यांनी एकही माणूस वर आणला नाही. मला ते तेव्हा आडमुठेपणाचं वाटलं होतं.

दुसरी गोष्ट त्यांनी टेप काढून केली. करारनाम्यात ७८० चौरस फूट होतं आणि जाहिरातीत मी तेच लिहिलं होतं. ते बिल्टअप. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजल्यावर कार्पेट भरलं ५९५. १९९३ साली हे कुणी विचारत नसे. २०१७ पासून रेरा लागू झाला आणि नव्या इमारतींचे व्यवहार कार्पेटवर होऊ लागले, तेव्हापासून जुनी जागा बघणारासुद्धा मनातल्या मनात कार्पेटनेच भागाकार करतो. ७८० वाचून आलेल्या माणसाला दारात पाऊल ठेवताच घर आपल्याला खोटं बोललंय असं वाटत असणार. पुढे मग ओटा कितीही चकचकीत असो. जाहिरात बदलून ५९५ लिहिलं. फोन निम्म्यावर आले, पण वर येणारे दाराशी चरकेनासे झाले.

घर दाखवणं हे बघण्यासारखं काम आहे. पन्नासेक कुटुंबं तरी मी पाहिली असतील. ज्याला पैसे द्यायचे असतात तो छताकडे बघतो. ज्याला राहायचं असतं तो ओट्याकडे जातो. सराईत माणूस आधी बाथरूममध्ये शिरतो, तिथला नळ उघडतो, तो चालू ठेवून स्वयंपाकघरातला उघडतो आणि धार बारीक होते का ते बघतो. फ्लश ओढतो. खिडकीची सरकती काच एका बोटाने ढकलून पाहतो. मग हॉलमध्ये येऊन ‘पाणी किती वाजता?’ असं सहज विचारल्यासारखं विचारतो आणि उत्तर देताना आमची नजर कुठे जाते तिकडे बघतो. मुलं थेट बाल्कनीत. आणि एक जण मोबाइलवर होकायंत्र उघडून दारात उभा राहतोच. आमच्या दाराला बाहेरून लोखंडी जाळीचं दार आहे. त्याच्याजवळ मोबाइल धरला की लोखंडामुळे सुई कुठेही फिरते. एकाच शनिवारी आमचं दार एका कुटुंबाला दक्षिणेला दिसलं आणि दुसऱ्याला आग्नेयेला. बाबा सोफ्यावरून म्हणाले, ‘पश्चिमेला आहे हो. तीस वर्षं संध्याकाळचं ऊन तिकडूनच येतं.’

बाबा हा या सगळ्यातला माझा खरा प्रश्न होता. वीज मंडळातून निवृत्त, त्यानंतर नऊ वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी. जागा दाखवायची म्हटलं की रिक्षाने येऊन, एकेक मजल्यावर थांबत वर चढून सोफ्यावर बसत, आणि विचारलं नाही तेही सांगत. आधीच्या एका एजंटने ‘कव्हर्ड पार्किंगसकट’ लिहिलं होतं. बाबांनी ते आल्या आल्या खोडून काढलं: स्टिल्टमधलं पार्किंग सोसायटीचं, बिल्डरलासुद्धा ते वेगळं विकता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्येच सांगितलंय, आम्ही कसलं विकतो? जागा सोसायटी देईल, तिच्या नियमाने देईल. रिडेव्हलपमेंटबद्दलही तेच. या भागात जुन्या इमारती पाडून टॉवर उठताहेत, त्यामुळे निम्मे लोक घर बघायला येतच नव्हते, त्या घराच्या जागी पुढे जे उभं राहील ते बघायला येत होते. त्यांच्यासाठी ‘बोलणी चालू आहेत’ एवढं वाक्य पुरलं असतं. बाबा म्हणायचे, ‘तीन सर्वसाधारण सभांत विषय निघाला, तिन्ही वेळा चहावर संपला.’

आणि ओल. स्वयंपाकघराच्या वायव्य कोपऱ्यात, छताखाली, तळहाताएवढा डाग. पावसाळ्यात गच्चीतून उतरतो, दिवाळीपर्यंत सुकतो, मागे पोपडे उरतात. मी पुट्टी आणि रंग आणून ठेवला होता. बाबा नको म्हणाले ते समजण्यासारखं होतं. पण एजंटही नको म्हणाले. ‘मॅडम, जुन्या घरात एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला की पार्टी तिथेच हात ठेवते. डाग दिसला तर डागच विचारतात. रंग दिसला तर बाकीच्या भिंतीही विचारतात.’ म्हणून डाग राहिला. शेजारी फाइलमधला एक कागद मात्र जोडला: गच्चीतून होणारी गळती दुरुस्त करणं हे उपविधींप्रमाणे सोसायटीचं काम असतं, आणि तसा ठराव झालेला होता.

हे वाचून बाबांचा सरळपणा फळाला आला असं वाटेल, म्हणून सांगते, त्याने आमची दोन चांगली गिऱ्हाइकं घालवली. मी सगळ्यांना सकाळी साडेनऊला बोलवायची; तेव्हा पूर्वेच्या बाल्कनीत ऊन कोवळं असतं आणि गच्ची तापलेली नसते. एका कुटुंबाला जागा आवडली. निघता निघता बाबा म्हणाले, ‘दुपारी तीनला एकदा येऊन जा. वरचा मजला आहे, समजलेलं बरं.’ ऑक्टोबर होता. ते तीनला आले, दहा मिनिटं पंख्याखाली बसले आणि परत फोन केला नाही. दुसरी पार्टी पैशाने घट्ट होती, पण करारात रेडी रेकनरची किंमत दाखवायची आणि वरचे रोख द्यायचे म्हणत होती. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेतलं तर तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो. बाबांनी कलम वगैरे काढलं नाही. ‘नोटा मोजायचं वय गेलं माझं,’ म्हणाले. घरी जाताना रिक्षात आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

गिऱ्हाईक शेवटी इस्त्रीवाल्याकडून आलं. शेजारच्या इमारतीतलं भाडेकरू जोडपं, चार वर्षं तिथे, तेही तिसऱ्या मजल्यावर, तिथेही लिफ्ट नाही. तिची शाळा चालत सात मिनिटांवर, तो मेट्रोने जाणारा. पाणी किती वाजता येतं ते त्यांनी विचारलंच नाही. त्यांच्याकडेही तेव्हाच येतं. आमची गच्ची ते रोज त्यांच्या गच्चीवरून बघत होते, आणि पावसात तिच्यावर पाणी कुठे साचतं हे बाबांपेक्षा त्यांना नेमकं माहीत होतं. सगळ्या पुण्याला जाहिरात देऊन मी पायऱ्यांसाठी माफी मागत बसले होते. ज्यांना पायऱ्यांचं काहीच वाटत नव्हतं ती माणसं तीस फुटांवर कपडे वाळत घालत होती, आणि त्यांना सांगायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता कुणी विचारलं तर मी आधी इस्त्रीवाला, मग किराणावाला, मग शाळेबाहेरचे पालक, आणि जमलं तर सगळ्यात शेवटी इंटरनेट असं सांगते.

घासाघीस झालीच. मला ‘फायनल किती?’ एवढंच ऐकू यायचं. जोडप्यातल्या तिने वहीत मांडलेला हिशोब दाखवला तेव्हा पलीकडची बाजू दिसली. चौऱ्याहत्तर लाखांवर पुणे शहरात मेट्रोच्या अधिभारासकट मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे पाच लाख अठरा हजार. एकट्या स्त्रीच्या नावावर घेतलं तर सहा टक्के, चार लाख चव्वेचाळीस हजार. नोंदणी फी तीस हजार. एजंटची दलाली. शिवाय यातल्या एकाही रुपयाला बँक सहसा कर्ज देत नाही, ते सगळं खिशातून. म्हणून अठ्ठ्याहत्तरवरून आम्ही चौऱ्याहत्तरवर आलो आणि करार तिच्या एकटीच्या नावे झाला. विसार दिला तेव्हा त्यांनी पन्नास लाखांवरच्या व्यवहाराला लागणारा एक टक्का टीडीएसही आधीच समजावून सांगितला. नाही तर हातात चौऱ्याहत्तर हजार कमी पडल्यावर मीच ‘का?’ विचारत बसले असते.

फेब्रुवारीत नोंदणी झाली. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात कॅमेऱ्यासमोर बसून आई-बाबांचे फोटो निघाले, अंगठे उमटले. बाबांचा अंगठा तीनदा घ्यावा लागला. चाव्यांबरोबर त्यांनी एक वहीचं पान दिलं: कोणता व्हॉल्व्ह कुठला, गच्चीची किल्ली कुणाकडे, मीटरबॉक्समधला कोणता फ्यूज फसवा.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री बाबा फोन घेऊन बाल्कनीत गेले. मला आतून ऐकू येत होतं.

‘आली का ओल?’

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

‘नाही? मग जुलैपर्यंत थांब,’ बाबा म्हणाले.