जाड भिंत का कोसळते?

भिंत जितकी जाड तितकी ती भक्कम, असे आपण सहज धरून चालतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांना भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती काही क्षणांत ढासळल्या. झोपेतली हजारो माणसे त्यांखाली गेली. रिश्टर मापनावर हा भूकंप सहा ते साडेसहाच्या दरम्यानचा होता. याहून मोठे भूकंप जगात दर वर्षी होतात. मग एवढ्या जाड भिंती उभ्या का राहिल्या नाहीत?

वरून येणारा भार खाली जमिनीत पोचवणे हे भिंतीचे रोजचे काम. त्यात दगडावर दाब येतो आणि दाब सोसण्यात दगड पटाईत. मधला चिखलही दाबाखाली टिकून राहतो. पण ओढले की सुटतो, कारण ताण सोसण्याची ताकद त्यात जवळजवळ नसतेच. भूकंप नेमका आडवा हलवतो.

शिवाय ही भिंत दिसते तशी एकसंध नसते. गवंडी आतल्या आणि बाहेरच्या बाजूने बरी तोंडे असलेले दगड रचत जातो आणि मधल्या पोकळीत कपच्या व माती भरतो. म्हणजे साठ सेंटिमीटरची एक भिंत नव्हे, तर पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन पातळ भिंती! हादऱ्याने मधला भराव खाली बसू लागतो, पाचरीसारखा दोन्ही अंगांना बाहेर ढकलतो, आणि भिंतीला पोट येते.

यामुळे किती फरक पडतो, ते वर्गात मोजता येईल. २० सें.मी. उंच व २ सें.मी. जाड असे फळीचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एक मीटर लांबीच्या फळीवर त्यांतला एक उभा करून फळीचे एक टोक हळूहळू उचलावे. तुकड्याची जाडी उताराच्या दिशेने असावी. तो घसरू लागला तर खाली काचपेपर चिकटवावा. टोक सुमारे १० सें.मी. उचलले गेले की तुकडा पडतो. आता दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटून उभे करावेत, पण बांधू नयेत. ते साधारण तेवढ्याच उतारावर पडतील. मग त्यांना वर-खाली घट्ट रबर लावावे. आता टोक जवळजवळ २० सें.मी. उचलावे लागेल. उतारावर वजनाचा जो भाग तुकड्याला खाली ओढतो, तोच इथे भूकंपाच्या आडव्या बलाची जागा घेतो. जाडीला उंचीने भागले की मर्यादा मिळते: एकट्याला ०.१, बांधलेल्या जोडीला ०.२. खरा भूकंप मागेपुढे हलवतो, त्यामुळे गणित इतके सोपे राहत नाही, पण मुद्दा तोच.

छपराचाही वाटा होता. त्या भागातली माळवदाची घरे उन्हाळ्यात थंड राहतात, ती वरच्या मातीच्या जाड थरामुळे. घनमीटरला १६०० किलो धरले, तर अर्धा मीटर माती चौरस मीटरला ८०० किलो भरते. तीन बाय चारच्या खोलीवर साडेनऊ टन! आडवे बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, तेव्हा हे ओझे कोणाच्या अंगावर येते ते उघड आहे.

उपाय फारसे खर्चिक नाहीत. अशा बांधकामासाठीच्या भारतीय मानकानुसार दगडी भिंत ४५ सें.मी.पेक्षा जाड नको, म्हणजे आरपार जाणारे दगड मिळणे सोपे. उंचीत दर ६० सें.मी.ला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर असा एक दगड हवा. हेच आपले रबर. दारे-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून फिरणारा सळईयुक्त काँक्रीटचा अखंड पट्टा असला की कोपरे उघडत नाहीत. एक भिंत डगमगली तर काटकोनातली दुसरी तिला धरते.

आधीच उभ्या असलेल्या घरातही आरपार दुवा घालता येतो. थोडे दगड अलगद काढून भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. मात्र भोके एका वेळी थोडीच पाडावीत, नाहीतर दुरुस्ती चालू असतानाच भिंत अंगावर यायची.