मुलगा म्हणतो, नोकरी नको!

संध्याकाळी भिलाईच्या सिव्हिक सेंटरमध्ये खरेदीला आलेल्या आईवडिलांच्या बोलण्यात हल्ली एक काळजी डोकावते. वडिलांची हयात पोलाद कारखान्यात गेलेली आणि इंजिनिअर झालेला मुलगा म्हणतो, ‘बाबा, मी नोकरी करणार नाही. स्वतःचा उद्योग काढणार.’

वडिलांची भीती खोटी नाही. हे शहर कारखान्यानेच वसवले. १९५९ साली येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि पगार, क्वार्टर, दवाखाना यांच्या भरवशावर हजारो संसार उभे राहिले.

योगायोग पाहा. त्याच वर्षी अमेरिकेतील बटाव्हिया गावात बंद पडलेल्या एका कारखान्याची इमारत मँकुसो कुटुंबाने लहान उद्योजकांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. सोबत सल्लाही दिला. भाडेकरूंपैकी एकाचा कोंबडीची पिले उबवण्याचा धंदा होता. त्यावरूनच ‘इन्क्युबेटर’ म्हणजे उबवणी केंद्र हे नाव पडले.

आता हे काम शिक्षणसंस्थाही करतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या आयआयटी भिलाईकडे केंद्र सरकारच्या अभियानातील वित्तीय तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. मुंबईत आयआयटीचे ‘साइन’ हे केंद्र २००४ पासून चालू आहे.

मिळते काय?

बसायला जागा, प्रयोगशाळा, जाणकारांचा सल्ला, कंपनी नोंदणी व पेटंटसाठी मदत आणि भांडवलदारांशी ओळख. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या बीजनिधी योजनेत कल्पना सिद्ध करण्यासाठी अशा केंद्रांमार्फत २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद होती. मात्र दरमहा पगाराची हमी कोणी देत नाही. अनेक केंद्रे मोबदल्यात कंपनीचा लहानसा हिस्सा घेतात आणि मुदत संपली की जागा सोडावी लागते.

वेळही लागतो. ‘साइन’च्या आधाराने वाढलेली ‘आयडियाफोर्ज’ ही ड्रोन बनवणारी कंपनी २००७ मध्ये स्थापन झाली. ‘थ्री इडियट्स’ चित्रपटातले उडते यंत्र तिचेच. पण तिचे समभाग शेअर बाजारात आले ते २०२३ मध्ये, म्हणजे तब्बल सोळा वर्षांनी. आणि इतकी मजल मारणारे थोडेच असतात.

म्हणून मुलाला लगेच नकार देऊ नका, डोळे झाकून होकारही देऊ नका. शांतपणे विचारा, तुझी वस्तू पैसे देऊन कोण घेणार? भागीदार कोण, आणि कोणाचा हिस्सा किती हे कागदावर आले का? किती महिने घरातून मदत हवी? नाही जमले तर पुढे काय? घर गहाण टाकायचे नाही, हेही आधीच सांगून ठेवा.

केंद्र ऊब देईल, पण अंड्यात जीव हवा. तो आहे की नाही, हे पाहण्यासाठी वर्ष-दोन वर्षांची मोकळीक घराने दिली, तर हरला तरी मुलगा अनुभव घेऊनच परतेल.