विश्लेषण : कर्सर नेमका कोणत्या फंक्शनमध्ये? कोड एडिटर ‘पूर्वज’ कसा शोधतो?

कोड लिहिताना प्रोग्रामर एक कळ दाबतो आणि ‘मी आहे ते फंक्शन निवड’ असे एडिटरला सांगतो. बहुतेक वेळा हवा तोच तुकडा निवडला जातो. कधी मात्र चार ओळींच्या फंक्शनऐवजी अख्खा क्लास निवडला जातो. पुढची कळ ‘डिलीट’ची असेल, तर तासाभराचे काम गेले! असे का होते?

एडिटरला कोड कसा दिसतो?

पूर्वी बरेच एडिटर ओळीची सुरुवात, कंस आणि ठरावीक शब्द पाहून अंदाज बांधत. आता अनेक एडिटर ‘ट्री-सिटर’ ही लायब्ररी वापरतात. मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी ती गिटहबमध्ये असताना ‘ॲटम’ या एडिटरसाठी विकसित केली. डिसेंबर २०२२ मध्ये ॲटम बंद झाला, लायब्ररी मात्र टिकली. निओव्हिमने ती स्वीकारली आणि जुलै २०२३ मध्ये आलेल्या ईमॅक्सच्या २९व्या आवृत्तीतही तिचा समावेश झाला.

ट्री-सिटर कोडचे झाड तयार करते. मूळ वर, फांद्या खाली. गीतेच्या पंधराव्या अध्यायातल्या अश्वत्थासारखे. सर्वांत वर अख्खी फाइल, तिच्या पोटात क्लास, त्यात फंक्शन, त्यात अट, आणि तळाशी एखादे नाव किंवा आकडा. यातील प्रत्येक घटक म्हणजे ‘नोड’. कोड बदलला की झाडाचा बदललेला भागच नव्याने बांधला जातो. कोड अर्धवट असला, तरी झाड कोसळत नाही.

मग चूक कुठे होते?

‘माझा पूर्वज कोण’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. बाप, आजोबा, खापरपणजोबा हे सगळेच पूर्वज. ईमॅक्समध्ये त्यासाठी तीन वेगळी फंक्शन्स आहेत.

‘ट्रीसिट-पॅरेंट-अन्टिल’ एकेक पायरी वर चढते आणि अट पूर्ण करणारा पहिला पूर्वज भेटला की थांबते. पायथनमध्ये फंक्शनच्या आत फंक्शन असेल, तर ते आतले, म्हणजे सर्वांत जवळचे फंक्शन देते. ‘ट्रीसिट-नोड-टॉप-लेव्हल’ उलट शेवटपर्यंत जाते आणि सर्वांत बाहेरचे फंक्शन आणते. एका जागी दुसरे वापरले, की वरचा घोटाळा झालाच.

तिसरे ‘ट्रीसिट-पॅरेंट-व्हाइल’. अट सलग पूर्ण होत आहे तोवरच ते चढते. ‘किंमत + कर + वाहतूक’ हे आपल्याला एक गणित दिसते. झाडात मात्र ‘किंमत + कर’ ही एक बेरीज आणि तिला पोटात घेणारी दुसरी बेरीज असते. आतल्या बेरजेपासून निघून पूर्ण गणित निवडायचे, तर हेच फंक्शन कामाचे. गणित संपले की ते थांबते, त्यामुळे दूर वरच्या दुसऱ्याच एखाद्या बेरजेवर ते जाऊन बसत नाही.

काहीच सापडले नाही तर?

उत्तर ‘निल’ येते, म्हणजे रिकामे. कर्सर सगळ्या फंक्शन्सच्या बाहेर असेल, तर हे अपेक्षितच आहे. फसवी जागा वेगळी आहे. कर्सरचा नोड स्वतःच सर्वांत बाहेरचे फंक्शन असेल, तरी टॉप-लेव्हल ‘निल’च देते, कारण शोध पालकापासून सुरू होतो. नोडलाही मोजायचे असेल, तर ‘इन्क्लूड-नोड’ हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. नवख्यांचा बराच वेळ इथेच जातो.

वर चढणे फुकट असते का?

नाही. ट्री-सिटरच्या नोडला आपला पालक माहीत नसतो. झाडाच्या जुन्या-नव्या प्रती तेच भाग वाटून घेतात, म्हणून पालकाची नोंद ठेवलेली नसते. पालक विचारला, की शोध मुळापासून खाली सुरू होतो. दहा पायऱ्या चढायच्या तर दहा वेळा. एरवी हे जाणवत नाही. पण खोल रचनेच्या मोठ्या फाइलमध्ये प्रत्येक कळीला असा शोध लावला, तर टायपिंग अडखळू शकते. पूर्वजांची पूर्ण साखळी हवी असेल, तर मुळापासून एकदाच खाली उतरत ती गोळा करणे स्वस्त पडते.