बायोडाट्याची लांबी आणि उमेदवाराची उंची

एका जागेसाठी शेकडो अर्ज येण्याच्या काळात बायोडाटा किती पानांचा असावा, हा प्रश्न पदवीधरांना सतावतो. 'काही वगळू नकोस' हाच घरातील वडीलधाऱ्यांचा बहुधा सल्ला असतो. मग शाळेतील एलिमेंटरी चित्रकला परीक्षेपासून वैवाहिक स्थिती व छंदांपर्यंत सर्व काही कागदावर उतरते. विवाहासाठी आणि नोकरीसाठी आपण एकच शब्द वापरतो, त्याचाही हा परिणाम असावा!

प्रश्न किरकोळ वाटला तरी त्यामागे अर्थशास्त्राचे एक तत्त्व आहे. उमेदवाराची खरी कुवत मालकाला आधी कळत नाही. म्हणून तो काही खुणांवरून अंदाज बांधतो, असे मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडले. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. त्यांच्या मते, जी खूण मिळविणे दुबळ्या उमेदवाराला अधिक जड जाते, तीच विश्वासार्ह ठरते. या कसोटीवर पानांची संख्या टिकत नाही. पाने वाढविण्यास हुशार आणि सुमार या दोघांनाही सारखाच, म्हणजे जवळजवळ शून्य खर्च येतो. वाचणाऱ्याचा वेळ मात्र मर्यादित असतो. भरताड मजकुरात कामाची ओळ हरवली, तर नुकसान उमेदवाराचेच होते.

आमच्या शिक्षणक्षेत्राचा दाखला बोलका आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी शोधनिबंध, चर्चासत्रे इत्यादींना गुण ठरवून दिले. संख्येला मोल येताच याद्या फुगल्या आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले. अखेर मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली.

याचा अर्थ तोकडेपणा हाच गुण, असा नव्हे. प्राध्यापकपदासाठी प्रकाशनांची पूर्ण यादी द्यावीच लागते. सरकारी भरतीत ठरलेला नमुना असतो; तेथे प्रत्येक रकाना भरणे भाग आहे. परंतु खासगी नोकरी शोधणाऱ्या नवपदवीधराला एक पान पुरेसे आहे, आणि दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असणाऱ्याला दोन.

खरी चिंता वेगळीच आहे. 'कमवा आणि शिका' योजनेत राबलेला, पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा किंवा संध्याकाळी दुकानाचे हिशेब लिहिणारा विद्यार्थी नेमकी हीच माहिती संकोचाने गाळतो, आणि त्या जागी 'वाचन, संगीत, प्रवास' असे लिहितो. वस्तुतः शिक्षण सांभाळून तीन वर्षे केलेली नोकरी ही स्पेन्स यांच्या अर्थाने अत्यंत महाग, म्हणूनच विश्वासार्ह खूण आहे. ती पहिल्या पानावर, कामाचे स्वरूप व कालावधी यांसह ठळकपणे यावयास हवी.

मात्र सारी जबाबदारी उमेदवारावर टाकणे न्याय्य नाही. ज्याच्या घरात यापूर्वी कोणी नोकरीसाठी अर्ज केलेला नाही, त्याला हे अलिखित संकेत कोण सांगणार? नोकरी देणाऱ्यांनी जाहिरातीतच पानांची मर्यादा व अपेक्षित तपशील छापावेत. महाविद्यालयांनीही शेवटच्या वर्षी याचे दोन तास ठेवावेत. त्यासाठी ना अनुदान लागते, ना शासननिर्णय.